म्यूझस्कोर ३ वरून ४ वर आले आणि लिहिता हात अडखळायला लागला

व्हायोलिनताई_पुणे

नमस्कार मंडळी, इथं बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी घरी व्हायोलिन शिकवते आणि दरवर्षी आमच्या भागातल्या दिवाळी पहाटसाठी मुलांचा छोटा वाद्यवृंद बसवते. सहा व्हायोलिन, एक चेलो, दोन क्लॅरिनेट, पेटी आणि तबला. गाणी लोकांच्या ओळखीचीच, जुनी भावगीतं, एखादं नाट्यपद, पण मधले म्युझिक पीस आणि गाण्यामागच्या व्हायोलिनच्या ओळी मी लिहिते. पेटी आणि तबल्याच्या मुलांना स्टाफ नोटेशन लागत नाही, बाकीची मुलं ग्रेड परीक्षा देणारी, त्यांना समोर पाच रेघांवर लिहिलेला कागद लागतोच. २०१९ पासून हे सगळं म्यूझस्कोर ३ या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे आणि आत्तापर्यंत चाळीसएक फाइली झाल्यात.

उन्हाळ्यात जुन्या लॅपटॉपनं मान टाकली. नवीन घेतला, भाच्यानं त्यावर ४ टाकून दिलं, म्हणाला मावशी हेच आता चालू आहे, ३ मध्ये नवीन काही येत नाही. बरोबर असेल त्याचं. पण मला त्यात काही म्हणजे काही सापडेना. नोट लिहिणं तेच आहे, एन दाबायचं, पाच म्हणजे क्रॉचेट (एका मात्रेची नोट), चार म्हणजे क्वेव्हर (अर्ध्या मात्रेची), मग सुराचं अक्षर, त्याला धक्का लागलेला नाही, आणि त्यामुळंच जास्त फसायला होतं, कारण पहिले चार बार हात जुन्याच वेगानं धावतो आणि मग एकदम ठेच लागते. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कुणी अदलाबदल केल्या तर जे होईल ना, तेल तापलंय, हात मोहरीकडं गेला आणि तिथं जिरं, अगदी तसं. उजवीकडं इन्स्पेक्टर, म्हणजे निवडलेल्या नोटची सगळी माहिती दाखवणारा चौकोन असायचा, तिथं बघते तर नुसता कागद. झूमचा आकडा वर असायचा, तो नाही. पेज व्ह्यू आणि कंटिन्युअस व्ह्यू बदलायची जागा वर होती, तीही नाही. जे काम मी पाऊण तासात करायचे त्याला परवा तीन तास लागले आणि रात्री खरंच डोळ्यात पाणी आलं.

सगळ्यात वाईट मागच्या रविवारी झालं. क्लॅरिनेटच्या मुलांना मी अख्ख्या स्कोरचीच प्रत देते, म्हणजे व्हायोलिन काय करतंय ते त्यांना दिसतं. लिहिताना मी कॉन्सर्ट पिच चालू ठेवते, म्हणजे सगळे सूर ऐकू येतात तसेच कागदावर दिसतात, पण क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक सूर खाली वाजतं, त्याला एक सूर वर लिहून द्यावं लागतं, म्हणून छापायच्या आधी बंद करते, ३ मध्ये ते बटण वर समोरच होतं आणि हात आपोआप तिथं जायचा. इथं बटण दिसलं नाही, म्हणून बंद करायचं मनातूनच निघून गेलं. तालमीला सगळ्यांनी भूप रागातली गत एकदम सुरू केली, व्हायोलिन सी मध्ये आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटमध्ये. मुलं बिचारी आपलं बोट चुकलं असं समजून तीनदा परत वाजवत होती. चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि त्यातली धाकटी मुलगी घरी जाताना म्हणाली मी प्रॅक्टिस वाढवते ताई. ते अजून मनातून जात नाहीये.

तर विचारायचं असं की परत ३ टाकावं का, की आता हेच अंगवळणी पाडावं? कॉन्सर्ट पिच आणि इन्स्पेक्टरमधल्या गोष्टी गेल्या कुठं? आणि जुनी फाइल ४ मध्ये उघडली की ओळीत चार बार होते तिथं कुठं पाच, कुठं तीन होतात, ते का?


फोंड्याचा_क्लॅरिनेट

ताई, आधी क्लॅरिनेटचं सांगतो कारण मी तेच वाजवतो आणि त्या मुलीसाठी जीव कळवळला. कॉन्सर्ट पिचचं बटण खाली गेलंय. स्क्रीनच्या अगदी तळाला जी बारीक पट्टी आहे तिच्या उजव्या टोकाला बघा, कॉन्सर्ट पिच, त्याच्या शेजारी पेज व्ह्यू, त्याच्या शेजारी झूम. तुम्ही जे तीन हरवले म्हणताय ते तिन्ही तिथंच एका रांगेत बसलेत. कॉन्सर्ट पिच चालू असेल तर त्या बटणाचा रंग वेगळा दिसतो. प्रेफरन्सेसमध्ये शॉर्टकट्सच्या यादीत जाऊन त्याला स्वतःची एक की देऊन टाका, मी दिलीय, आता तळाला बघायचीही गरज पडत नाही. आणि छापायच्या आधी क्लॅरिनेटचा पहिला सूर वाचायचा. व्हायोलिनचा सी असेल तर क्लॅरिनेटला डी दिसला पाहिजे. सी दिसला तर प्रिंट द्यायची नाही.

इन्स्पेक्टर गेलेला नाही, त्याचं नाव प्रॉपर्टीज झालंय आणि तो उजवीकडून डावीकडं आलाय. डावीकडं पॅलेट्स, इन्स्ट्रुमेंट्स आणि प्रॉपर्टीज अशा तीन चकत्या (टॅब) एकामागे एक असतात. की जुनीच आहे, एफ८, पॅलेटला एफ९, मिक्सरला एफ१०, इन्स्ट्रुमेंट्सला एफ७. मला सगळ्यात जास्त त्रास कशानं झाला सांगू का, ३ मध्ये नोट निवडली की तिचं सगळं एका लांबलचक यादीत समोर पडायचं, ऑफसेट, लीडिंग स्पेस, रंग, सगळं. ४ मध्ये प्रॉपर्टीजमध्ये मोजकंच दिसतं आणि बाकीचं अपिअरन्स नावाच्या बटणाखाली दडलंय. नोट थोडी उजवीकडं सरकवायची असेल तर नोट निवडा, एफ८, मग अपिअरन्स दाबा, छोटी खिडकी उघडते, त्यात लीडिंग स्पेस आहे. एक क्लिक वाढला हे खरं, पण तो दिसत नाही तोपर्यंत माणसाला वाटतं सोयच काढून टाकली.

आता एक करा. प्रॉपर्टीजची चकती माउसनं धरून ओढत उजव्या कडेला न्या, तिथं निळसर पट्टा दिसला की सोडा, ती उजवीकडं चिकटते. डोळ्यांना तिथं बघायची सवय आहे तर तिथंच आणून ठेवायची, त्यात काही कमीपणा नाही. वरच्या नोट्सच्या पट्टीच्या शेवटी दात्यांच्या चाकाचं चिन्ह आहे, त्यातून नको असलेली बटणं काढता येतात. एवढं झालं की व्ह्यूमध्ये वर्कस्पेसेस आहे, तिथं आपल्या नावानं ठेवून द्या. मी दोन ठेवलीत, एक लिहायचं, एक मांडणीचं. पार्ट्स आता फाइलच्या मेनूत शोधू नका, वर पार्ट्स असं सरळ बटणच आहे, आणि मुलांना स्कोरबरोबर सुटा पार्टही, म्हणजे फक्त त्यांच्या वाद्याचा कागदही द्या.

बार का हलले म्हणाल तर ४ मध्ये नोटांमधली आडवी जागा मोजायची पद्धतच बदलली. डिसेंबर २०२२ मध्ये ४ आलं तेव्हा वरचं रूप जेवढं बदललं तेवढंच आतलं कागदावर मांडायचं कामही नव्यानं केलं गेलं, स्लर आणि टाय, म्हणजे नोटा जोडणाऱ्या कमानी बघा, किती सुबक येतात, ३ मध्ये मी प्रत्येक स्लर हातानं वाकवत बसायचो. ज्या मार्टिन कीअरीनं २०१९ मध्ये म्यूझस्कोरच्या डिझाइनवर टीकेचा लांब व्हिडिओ केला होता तोच पुढं त्यांच्या डिझाइनचा प्रमुख झाला, म्हणजे हे बदल कुणी सहज म्हणून केलेले नाहीत, जुन्या रूपात नवख्याला काहीच सापडायचं नाही हे त्यामागचं दुखणं होतं. आपण जुने, आपल्याला सगळं पाठ होतं, म्हणून आपल्याला जास्त लागलं. उपाय सोपा आहे, जिथं ओळ तुटायला हवी ती बाररेषा निवडून एंटर दाबा, ओळ तिथंच तुटते. चाळीस फाइलींना एकदम करू नका, ज्या यंदा वाजणार तेवढ्याच.

आमच्याकडं लहानपणी चर्चच्या शाळेतल्या मेस्त्रींकडून, म्हणजे संगीत शिकवणाऱ्यांकडून, सोल्फा (डो रे मी) शिकलेली माणसं होती, त्यांच्याकडून मी स्टाफ शिकलो, तेव्हा कागद, पेन्सिल आणि खोडरबर एवढंच होतं. एवढं सांगून थांबतो, अडलं तर विचारा.


ऑरेंजसिटी_कीज

मी नागपूरहून, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ४ वापरून राहिलो, म्हणून एकच सांगतो. म्यूझ साउंड्स, म्हणजे लिहिलेलं वाजवून दाखवायचे नवे आवाज, ऐकायला खरंच सुंदर आहेत, व्हायोलिनचा सेक्शन ऐकून अंगावर काटा येतो, पण ते म्यूझ हब नावाच्या वेगळ्या ॲपमधून उतरवावे लागतात आणि कमी रॅमवर प्ले दाबलं की मशीन दम खाते. लिहिताना आवाज हलकाच ठेवा. एफ१० दाबून मिक्सर उघडा, प्रत्येक वाद्याच्या वर आवाजाचं नाव असते, तिथं एमएस बेसिक हा हलका आवाज निवडा. ३ मध्ये जो सिंथेसायझर होता, जिथं साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) घालायचो, तो वेगळा राहिला नाही, ते सगळं आता मिक्सरमध्येच. आणि म्यूझ हब न घेता नुसतं म्यूझस्कोर त्यांच्या साइटवरून घेता येते, ते बऱ्याच जणांना माहीत नसते. मला पियानो रोलची, म्हणजे सूर आडव्या पट्ट्यांत दाखवणाऱ्या खिडकीची फार सवय होती, तो ४ मध्ये काढून टाकला, त्याचं मात्र अजून वाईट वाटते.


दादरचा_जुना_कॉपीइस्ट

बाई, वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय, पण मी थोडं वेगळं सांगणार आहे. कार्यक्रम तोंडावर असताना हत्यार बदलायचं नाही. म्यूझस्कोर ३ आणि ४ एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहतात, एकमेकांना त्रास देत नाहीत. ३ ची शेवटची आवृत्ती ३.६.२, ती त्यांच्या साइटवर जुन्या आवृत्त्यांत अजून मिळते. ती टाका, यंदाची गाणी ज्यात सुरू केलीत त्यातच पुरी करा. नवीन जे लिहाल ते ४ मध्ये. फक्त एक ध्यानात ठेवा, ४ मध्ये सेव्ह केलेली फाइल ३ मध्ये उघडत नाही, त्यामुळे जुनी फाइल ४ ला दाखवायच्या आधी तिची प्रत काढून वेगळ्या फोल्डरला ठेवा. चुकून गेलीच तर ४ मधून म्युझिकएक्सएमएल, म्हणजे कुठल्याही नोटेशनच्या सॉफ्टवेअरला वाचता येणारी फाइल काढून ३ मध्ये आणता येते, सूर येतात, मांडणी बरीचशी हातानं करावी लागते.

मी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिन वाजवलं आणि कॉपीचं कामही केलं. सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजर लोकांनी घालून दिलेली पद्धत होती, अरेंजर एक स्कोर लिहिणार, आम्ही त्यातून प्रत्येक स्टँडचा पार्ट हातानं उतरवणार. रात्री अकराला स्कोर हातात यायचा आणि सकाळी नऊला रेकॉर्डिंग. निबचा दौत-टाक, बारा ओळींचा कागद, आणि डोळा कायम विश्रांतीच्या बारांवर. कारण पान कुठं उलटायचं ते कॉपीइस्टनं ठरवायचं असतं. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, मध्ये चार बार मोकळे असतील तिथंच पान संपलं पाहिजे, मग शेवटच्या दोन ओळी कोऱ्या राहिल्या तरी चालतील. ही गोष्ट कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्या मुलांसाठी आपण होऊन करत नाही. म्यूझस्कोरमध्ये ती बाररेषा निवडून कंट्रोल आणि एंटर दाबलं की पान तिथं तुटतं, ३ मध्येही तेच आणि ४ मध्येही तेच. माझ्या मते तुम्ही सगळ्यात आधी असं एक पान लावा ज्यात काय तेच राहिलंय. एन, आकडे, अक्षरं, एंटर, कंट्रोल एंटर, गाण्याच्या शब्दांसाठी कंट्रोल एल, वाजवायला स्पेस. तुमचं निम्म्याहून जास्त काम त्यातच आहे. मग जे हललंय त्याची यादी बरीच लहान निघेल आणि भीती कमी होईल.

हा अनुभव मला दुसऱ्यांदा आला म्हणून अधिकारानं सांगतो. २०११ मध्ये सिबेलियस ७ हे नोटेशनचंच दुसरं सॉफ्टवेअर आलं तेव्हा जुने मेनू जाऊन वर ती रुंद पट्टी आली, रिबन, आणि मला महिनाभर काही सुचेना. तेव्हा एका तरुण मित्रानं मला रोज एकच जुनं पान नव्यात उतरवायला लावलं, सर्जनशील काही नाही, नुसती नक्कल, आणि पंधरा दिवसांत हात बसला. नवीन चाल सुचत असताना नवीन जागा शोधायच्या नाहीत, दोन्ही बिघडतं. तेव्हा हेही शिकलो की प्रत्येक कार्यक्रमानंतर पीडीएफ आणि म्युझिकएक्सएमएल दोन्ही काढून ठेवायचं. माझे एक स्नेही आयुष्यभर फिनालेवर लिहीत आले, ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले बंद करत असल्याचं जाहीर झालं, पस्तीस वर्षांचं सॉफ्टवेअर. त्यांच्याकडे म्युझिकएक्सएमएल होतं म्हणून डोरिको या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं आणता आलं. तिथं तर आकडेसुद्धा बदलतात, म्यूझस्कोरमध्ये पाचावर क्रॉचेट आहे तो डोरिकोत सहावर आणि सिबेलियसमध्ये चारावर. सत्तरीच्या माणसानं ते बोटांना शिकवलं. तुम्हाला तर आकडेही बदलायचे नाहीयेत.

बाकी नव्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते, तो लेलँड नावाचा नोटांचा फॉन्ट. ३.६ पासूनच आहे. लेलँड स्मिथ म्हणजे स्टॅनफर्डचे, ज्यांनी स्कोर नावाचा नोटेशनचा प्रोग्राम केला होता, त्यांच्या नावावरून ठेवलाय. काळेपणा कसा भरीव आहे बघा, स्टँडवर दोन फुटांवरून वाचता येतो. हातानं लिहिताना आम्ही निब थोडा तिरपा धरून तेच साधायचा प्रयत्न करायचो.


व्हायोलिनताई_पुणे

काका, दादा, काय बोलू, एका रात्रीत इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तळाची पट्टी! मी महिनाभर त्या पट्टीच्या वर तीन इंचांवर काम करतेय आणि एकदाही खाली बघितलं नाही. प्रॉपर्टीज उजवीकडं नेलं, खरंच निम्मा त्रास तिथंच संपला. काका तुमचं ऐकून ३ पण टाकलं. यंदाची सहा गाणी आधीच ३ मध्ये होती ती तिथंच पुरी करते, सातवं नवीन आहे ते ४ मध्ये लिहितेय. पान उलटायचं मी कधी इतक्या बारकाईनं बघितलंच नव्हतं, चेलोवाल्या मुलाचं पान नेमकं सोळा बारांच्या धावत्या ओळीच्या मधोमध उलटत होतं, तो दर वर्षी तिथं दोन सूर गाळायचा आणि मी त्याला रागवायचे.

आता पुढचं अडलंय. सातव्या गाण्यात मला शब्द देवनागरीत हवेत, शिवाय खाली सरगमही, कारण पेटीवाला मुलगा स्टाफ वाचत नाही. ३ मध्ये मी शब्द रोमनमध्ये टाकायचे. ४ मध्ये मराठी कीबोर्ड लावून शब्द टाइप केले आणि परत नोट लिहायला गेले तर एन चालेना, ए चालेना, काहीच चालेना. काही बिघडलं का?


कोल्हापुरी_पेटी

ताई काही बिघडलेलं नाही. कीबोर्ड मराठीत राहिलाय. सॉफ्टवेअरला एन ऐकू येतो तेव्हा ते नोट लिहायला लागतं, आणि मराठी लेआउट असताना त्या कीमधून देवनागरी अक्षर जातं, त्याला शॉर्टकट म्हणून काही अर्थ नाही. शब्द संपले की एस्केप, मग विंडोजची की आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या, की सगळं जिवंत होतं. मी गाण्याचे सगळे सूर आधी लिहितो, शब्द एकदम शेवटी, म्हणजे लेआउट एकदाच बदलावा लागतो.

फॉन्टचं पण बघा. साधा फॉन्ट जो येतो, एडविन, त्यात देवनागरी नाही, त्यामुळे कॉम्प्युटर आपल्या मनानं कुठला तरी फॉन्ट लावतो आणि एका मशीनवर एक दिसतं, दुसऱ्यावर दुसरं. फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्स, त्यात लिरिक्सच्या दोन ओळी आहेत, विषम आणि सम, दोन्हीला मुक्ता किंवा नोटो देवनागरी असं काहीतरी ठरवून द्या. दोन्हीला, नाहीतर शब्द एका वळणाचे आणि खालची सरगम दुसऱ्या वळणाची होते. आणि मुलांना फाइल न देता पीडीएफ द्या, मग काही हलत नाही.

शब्द तोडताना जोडाक्षराचा विचार आधी करा. दोन अक्षरांमध्ये हायफन दाबला की पुढच्या नोटवर जातो, एक अक्षर लांबवायचं असेल तर अंडरस्कोर. आता स्वप्न हा शब्द घ्या, दोन नोटांवर आला तर गाताना स्वप् आणि न असं होतं, पण तसं लिहिलं तर पाय मोडलेला प् बघून मुलं गोंधळतात. आपल्या वह्यांमध्ये स्व आणि प्न असंच लिहायची रीत आहे, मी तीच ठेवतो, गाणारा बरोबर गातो. एकाच नोटवर दोन शब्द येत असतील तर मध्ये कंट्रोल धरून स्पेस.

सरगम दुसऱ्या कडव्याच्या ओळीत टाका, सा रे ग प ध, भूप आहे म्हणजे तुम्हाला कोमल तीव्रचा प्रश्नच नाही. दुसऱ्या रागाला लागलंच तर भातखंडे पद्धतीत कोमलाला खाली रेघ असते, ते अक्षर निवडून कंट्रोल यू केलं की येते. तीव्र मध्यमाच्या डोक्यावरची उभी रेघ मी पेननं काढतो, मुद्दाम लाल पेननं, पेटीवर बोट आपोआप काळ्या पट्टीकडं जातं.


व्हायोलिनताई_पुणे

दोन आठवड्यांनी परत आले. काकांनी सांगितलं तसं रोज झोपायच्या आधी ३ मधलं एक जुनं पान ४ मध्ये नव्यानं उतरवत होते, नुसती नक्कल. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली, कालचं पान पंचवीस मिनिटांत झालं. ३ मध्ये अजून लवकर व्हायचं, पण आता मध्ये थांबून शोधावं लागत नाही, हात चालता राहतो. अपिअरन्सचं बटण मात्र अजून दर वेळी आठवावं लागतं.

सातवं गाणं पुरं झालं. वर शब्द, खाली सरगम, दोन्ही मुक्तामध्ये. पेटीवाल्यानं कागद हातात घेतला आणि म्हणाला ताई यात मला व्हायोलिन कधी थांबतं ते पण दिसतंय. इतकी वर्षं तो कानावर थांबत होता.

क्लॅरिनेटच्या दोघांना नवीन प्रती दिल्या, छापायच्या आधी डी वाचला, दोनदा वाचला. भूपाची गत पहिल्या फटक्यात जुळली. धाकटीला मी बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवशी कागद चुकला होता, तू नाही. तिनं विचारलं मग मी वाढवलेली प्रॅक्टिस आता कमी करू का, मी म्हटलं नको, आता आवाज छान लागतोय.

एकच राहिलंय. अख्ख्या स्कोरमध्ये जी वाद्यं त्या ओळीत वाजत नाहीत त्यांच्या रिकाम्या ओळीही छापल्या जातात आणि अकरा पानं होतात. ३ मध्ये लपवता यायच्या.


फोंड्याचा_क्लॅरिनेट

फॉरमॅटमधल्या स्टाइलमध्येच आहे ताई, रिकाम्या ओळी लपवायचा चौकोन, टिक करा. त्याच्याच जवळ पहिल्या ओळीत लपवू नये असा दुसरा चौकोन आहे, तोही टिक करा, म्हणजे पहिल्या पानावर सगळी वाद्यं नावानिशी दिसतील. लपवल्यावर पानं कमी होतील तेव्हा पान उलटायच्या जागा हलतील, त्या परत एकदा चेलोच्या मुलासाठी बघून घ्या.